मामाच्या बोटांतला चुना

आमच्या सापगावच्या मामाइतका स्वतःच्या दुखण्यावर खूश असलेला माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात सापडला नसता. एकोणीसशे नव्वदनंतर कधीतरी त्याच्या बोटांच्या टोकांना तुरीच्या दाण्याएवढ्या टणक, पांढऱ्या गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, कातडीत कॅल्शियम साचलंय, म्हणजे एक प्रकारचा चुनाच. झालं! मामाने तंबाखू सोडली नाही, चुना सोडला. कोरडी तंबाखू चघळत येईल त्याला बोटं दाखवायचा. "आता चुना इकत कशाला घेऊ? माझ्या आंगातच भट्टी हाय." खाण्याच्या चुन्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगून पाहिलं. लिंबाने चुना विरघळतो म्हणून हा जेवतानाही डाव्या हाताचं बोट लिंबाच्या फोडीत खुपसून बसे, आणि मामी कपाळाला हात लावी. मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या रक्तदाबाच्या निघाल्या; अशा गाठींवरही त्याच देतात म्हणे. "दाब तुझ्या मामीचा वाढतोय, नि गोळ्या मला!" घेतल्या तरी. गाठी होत्या तशाच राहिल्या, मामाला तेवढी चक्कर येऊ लागली.

उरला उपाय कापून काढण्याचा. गाठ पुन्हा येऊ शकते, बोटाचं टोक बधिरही राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि मामाचं हसू मावळलं. कारण तो म्हसा गावच्या जत्रेतला बैलांचा दलाल. तिथे भाव तोंडाने बोलायचा नसतो, टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची. एकदा तर मामाची गाठ म्हणजे वरच्या अर्ध्या हजाराची खूण समजून गिऱ्हाइकाने हात ओढून घेतला होता आणि त्याला लबाड ठरवलं होतं. तरीही तो म्हणाला, "मुकं बोट घेऊन म्हशात काय करू रे? त्यापरीस जीभ कापा."

अशी बरीच वर्षं गेली. शेवटी एक गाठ फुटली, पिकली, आणि कापावीच लागली. बोट वाचलं, पण त्यातली जाण गेली.

त्या साली जत्रेला मी मुद्दाम सोबत गेलो. मुरबाडच्या एका दलालाशी मामाचं जन्माचं वाकडं. त्यानेच टॉवेलाखाली हात घातला. दाबला. पुन्हा दाबला. मामा हळूच म्हणाला, "नाय कळत रे मला." त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, टॉवेल दोघांच्या डोक्यांवर ओढला आणि भाव मामाच्या कानात सांगितला. पुढच्याच क्षणाला आतून मामा ओरडला, "एवढे? बैल हाय का हत्ती?" सारा बाजार हसला. मीही हसलो, पण त्या भांडकुदळ माणसाच्या पाया पडावंसं मला फार वाटलं.