कोरडी पट्टी

घोटभर पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरेना, याला पुतळाबाईंना दोन वर्षं होत आली होती. जीभ टाळूला चिकटायची. दाढा किडून तुकड्यातुकड्यानं पडत होत्या. मांडवगण फराट्यात त्या गोधड्या शिवून देत. दोरा जिभेवर ओला करून ओवायची जन्माची सवय. आता शेजारी पाण्याची वाटी लागे. उन्हाचं असेल म्हणत त्यांनी ते अंगावर काढलं.

गावात मात्र बोललं जाई ते वेगळंच. गेल्या वैशाखात पोपटराव वारले, तेव्हा बायको असून पुतळाबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नणंद दहाव्यालाच चारचौघींत म्हणाली, "दगूड हाय दगूड. कोंबडं मेलं तरी माणूस हळहळतंय." लेक सुलक्षणा तेव्हापासून आईशी कामापुरतंच बोले.

शिरूरच्या दातांच्या डॉक्टरांनी आधी चालू गोळ्या विचारल्या. कुठल्याच नव्हत्या. साखरही नव्हती. "हे दातांचं नाही, लाळेचं आहे," म्हणत त्यांनी पुण्याला चिठ्ठी दिली. सून मोनालीची कंपनीत शिफ्ट होती, म्हणून सुलक्षणाला सोबत जावं लागलं.

पुण्याच्या दवाखान्यात रक्त घेतलं. मग हातात कप दिला : पंधरा मिनिटं गिळायचं नाही, तोंडात येईल ते यात टाकायचं. कपाचा तळ जेमतेम ओला झाला. नंतर पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी ती काढून उजेडात धरली.

"कोरडीच आहे. मावशी, रडताना पाणी येतं का?"

"रडलेच न्हाई कवा."

"कधीकधी शरीरच आपल्या ग्रंथींवर उलटतं. लाळ आटते, अश्रूही आटतात. ओठाच्या आतला एवढासा तुकडा तपासायला पाठवू, मग नक्की कळेल."

सुलक्षणा पट्टीकडे बघत राहिली. "आई, कवापास्नं हाय हे?"

"तुझे आप्पा व्हते तवापास्नं."

ओठ बधीर करून तुकडा काढला, टाका घातला. बाहेर बाकावर बसून सुलक्षणानं आत्याला फोन लावला. "आत्या, तिच्या डोळ्याला पाणीच येत न्हाई. डॉक्टर म्हणत्यात. आता बोला की!" बोलता बोलता तीच रडायला लागली.

एसटीत तिनं आईचा हात धरला. "मी बी आत्यावानीच वागले गं."

पुतळाबाईंना तो दिवस नीट आठवत होता. पोपटरावांना उचललं, तेव्हा त्या मनात मोजत होत्या, एवढ्या माणसांना चहाला दूध पुरेल का. पाणी डोळ्यांत नव्हतंच. पण आतही काही हललं नव्हतं. हे सांगायला हवं, असं त्यांना वाटलं. पण ओठ हलेना.

शिक्रापूरला ओठ जागा झाला, दुखू लागला. आता बोलता आलं असतं. सुलक्षणा त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. वर्षात पहिल्यांदा.

शिरूर आलं तशी ती जागी झाली. "काय म्हणत व्हतीस का आई?"

"पाण्याची बाटली दे," पुतळाबाई म्हणाल्या.