गावतळ्याचा निळा

"निळा शेवटी लावाचा," असं म्हणत पेंटरभाऊ ब्रश झटकायचे. आमच्या सफारी गेटवर कधी थांबला असाल, तर भिंतीवरचा जंगलाचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. तो त्यांचाच. पावसात रंग धुऊन जायचा आणि होळी झाली की ते तो नव्याने काढायचे.

त्यांची एक रीत होती. ज्या तळ्याला निळा द्यायचा, त्याच तळ्याचं पाणी रंगात कालवायचं. मी जिप्सी चालवतो, म्हणून गार्डला पटवून बाटल्या भरून आणायचं काम माझ्याकडे. तळं आटलेलं असलं की ती जागा पांढरीच राहायची. पर्यटक कुरकुरायचे, साहेब रागवायचे. भाऊंचं उत्तर ठरलेलं: "पानी नाई तं निळा कुठून आनू?"

नकाशावर पांढरं वाढत गेलं. पाऊस हल्ली एकदम कोसळतो आणि वाहून जातो. चितळं दूरच्या पाणवठ्यांकडे सरकली, त्यांच्यामागे वाघ आणि वाघांमागे आमच्या गाड्या.

भाऊंचं गाव याच जंगलात होतं. ते उठवून बाहेर वसवलं, तेव्हा नकाशावरून गावाचं नाव गेलं आणि उरलं फक्त गावतळं. तो ठिपका ते सगळ्यात शेवटी भरायचे. तेव्हा त्यांच्याशी बोलायची आमची टाप नव्हती.

मागच्या होळीनंतर मी गावतळ्यावरून रिकामी बाटली घेऊन आलो.

भाऊंनी गेटवरच्या बोअरिंगचं पाणी रंगात कालवलं आणि ठिपका निळा केला. संध्याकाळी पाण्याची कॅन घेऊन माझ्या गाडीत बसले. गार्डने न पाहिल्यासारखं करून तोंड फिरवलं. भेगाळलेल्या तळ्यात भाऊंनी कॅन उपडी केली.

"खोटा निळा लावला ना मी. जरासा तरी खरा होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओलीत चितळाच्या पाडसाची खुरं उमटलेली दिसली. मी सांगितलं तर भाऊ रडले.

त्याच पावसाळ्यात ते गेले. आता भिंतीवर छापील फ्लेक्स आहे, सगळी तळी निळीशार. परवा एका पर्यटकाने गावतळ्यावर बोट ठेवलं आणि तिथेच चला म्हणाला. मी नेलं. कोरडं तळं बघून त्याने विचारलं, नकाशा चुकला का?

एका कॅनने तळं भरत नाही, हे मलाही कळतं. मी सीटखालची कॅन काढली आणि खाली उतरलो.