तिनं न खाल्लेला बर्गर

खामगावात बर्गरचं नवं हॉटेल निघालं, म्हणून मी हौसेनं गेलो होतो. गर्दीत एका अनोळखी माणसासमोर जागा मिळाली. वय पस्तिशीचं, शर्ट कडक इस्त्रीचा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याच्यापुढे दोन बर्गर होते. एकाला कुणी हातच लावला नव्हता. दुसऱ्याचे तो भाकरीसारखे तुकडे मोडत होता, पण खात नव्हता.

माझा बर्गर थंडगार आला, आतली टिक्की कच्ची. माझं तोंड वाकडं झालेलं पाहून तो म्हणाला, "मलेही नाही आवडला. पण पोरीनं इथंच बलावलं होतं, लग्नाचं बोलाले."

तो धामणगाव बढ्याचा, भाजीपाला पिकवणारा.

"पोरगी चांगली होती हो. शेतकरी नवरा नको, म्हणे. तोंडावर सांगतलं अन् गेली. फसवलं तर नाही."

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. "हाव माय, आली होती. हाव, जेवलो." मग तिनं काहीतरी विचारलं. तो बराच वेळ कागदी रुमाल बोटांनी सपाट करत राहिला.

"मी पसंत हाय म्हणे तिले."

फोन ठेवून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजची रात तरी झोपन माय."

उद्या आईला काय सांगणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही.