दुसऱ्या वर्षाच्या टेबलावर

तुमच्या गल्लीतल्या एखाद्या मुलीला बारावीला भरघोस गुण पडले, तर तुम्ही आधी कुठे धावता? पेढेवाल्याकडे, बॅनरवाल्याकडे, की तिच्या घरी?

आमच्या रनाळ्यातल्या बाई तिच्या घरी धावत. चपला काढायच्या आधी, उंबऱ्याबाहेरूनच त्यांचा प्रश्न आत शिरे, "दुसरा वरीसनं काय?"

घरातले गोंधळत. पहिल्या वर्षाचा प्रवेश अजून झालेला नाही आणि या बाई दुसऱ्या वर्षाचं विचारताहेत! मग बाई पदराने वारा घेत बसत आणि समजावत, "पहिला दिन ते कोनी बी पाटवर बसाडस. दुसरा दिन ताट वाढतस का, ते इचार." पहिल्या दिवशी कुणीही पाटावर बसवतो, दुसऱ्या दिवशी ताट वाढतात का ते पाहा. कॉलेज निवडण्याचं त्यांचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

बाई आमच्या शाळेत गणित शिकवत. फळ्यासमोर प्रमाण मराठीतलं 'आहे', शाळेच्या फाटकाबाहेर अहिराणीतलं 'शे'. निवृत्तीनंतर लोकांना वाटलं, आता शिकवण्या घेतील. त्यांनी एसटीचा पास काढला. हुशार पण ऐपत नसलेल्या मुलांसाठी कॉलेज शोधायचं, फी कमी असलेलं, वसतिगृह असलेलं, आणि गुणांवर दिलेली शिष्यवृत्ती पदवी हातात पडेपर्यंत देणारं. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कॉलेजांच्या माहितीपत्रकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "गुळगुळीत कागदवर डाळ घट्टच दखास," म्हणत, कागदावर ती घट्टच दिसते. म्हणून त्या स्वतः जात आणि थेट कार्यालयात न जाता जेवणाच्या वेळेला वसतिगृहाच्या मेसमध्ये जात. दारावरचा रखवालदार विचारी, "आजी, कोणाकडे?" बाई शुद्ध मराठीत सांगत, "दुसऱ्या वर्षाकडे." तो बुचकळ्यात पडेपर्यंत त्या आत पोचलेल्या असत.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या टेबलावर बसायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं आणि विचारायचं, गेल्या वर्षी शिष्यवृत्ती कुणाकुणाला होती? यंदा कुणाची टिकली? ज्यांची गेली, ती मुलं आता कुठे आहेत? त्या म्हणत, पहिल्या वर्षाचं पोर नवीन कपड्यात असतं, ते सगळं छानच सांगतं. खरं दुसऱ्या वर्षाचं पोर बोलतं.

परत येताना मेसमधली एक पोळी रुमालात बांधून आणत आणि मुलाच्या आईच्या हातावर ठेवत. धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा आमच्या गावी नातेवाइकांकडे राहून शिकला होता. त्याच्या मामीसमोर बाईंनी अशीच नाशिकची पोळी ठेवली. मामीने ती मोडायचा प्रयत्न केला, मोडेना. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "चावाले येळ लागी. पन शिष्यवृत्ती शेवटलोंग शे. धाड त्याले." मुलगा गेला, शेवटपर्यंत टिकला, नोकरीला लागला. सुट्टीत आला तेव्हा बाईंना म्हणाला, "बाई, पोळी अजून तशीच शे." बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

या फेऱ्या त्या एकट्याने करत. मुलाला कधी सोबत नेत नसत. "पोरले काबर आशा लावनी? मी दखी येस, मंग सांगस," असं म्हणत. जी कॉलेजं त्यांना नापास वाटत, त्यांचं नावही मुलाच्या कानावर पडू देत नसत. आम्हाला सगळ्यांना हा त्यांचा मोठेपणा वाटे.

माझ्यावर त्यांचा वेगळाच जीव होता आणि वेगळाच राग. आमच्या घरी पंचांगाच्या आधी पत्रकं येत. वडिलांच्या चळवळीतली ती पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले आणि पुढे स्वतः लिहू लागले. शिक्षणाच्या बाजाराविरुद्ध लिहिलेलं माझं पत्रक बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "चांगलं शे. पन हाई वाचीसन कोनी फी माफ कई का?"

"बाई, व्यवस्था बदलायला हवी."

"बदल ना माय. तवलोंग योगिताले कोठे धाडानं, ते सांग."

योगिता पिठाच्या गिरणीवाल्या आबांची मुलगी. गिरणीच्या खडखडाटात, अंगावर पीठ घेऊन तिने अभ्यास केला आणि तालुक्यात कुणी काढले नव्हते इतके गुण काढले. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. पुण्याच्या एका खासगी कॉलेजने तिला गुणांवर मोठी सवलत देऊ केली. दुसरीकडे धुळ्याचं एक जुनं कॉलेज होतं. इमारत काळवंडलेली, फी थोडी, मागेच मुलींचं वसतिगृह, आणि शिष्यवृत्ती चारही वर्षं. ते बाईंनी आधीच पाहून ठेवलं होतं. पुण्याचं पाहायला त्या मिळेल त्या गाडीने निघाल्या.

तिथल्या मेसमध्ये पहिल्या वर्षाच्या टेबलावर त्यांना आपली बोली ऐकू आली. खानदेशातली, वऱ्हाडातली, मराठवाड्यातली मुलं होती. दुसऱ्या वर्षाच्या टेबलावर त्या भागांतलं एकही मूल नव्हतं. त्या टेबलावरच्या एका मुलीने खालमानेने सांगितलं की सवलत टिकवायला ठरावीक श्रेणी लागते. मराठी शाळांतून आलेली मुलं पहिल्याच सत्रात इंग्रजीत अडखळतात, श्रेणी थोडी घसरते, सवलत जाते. मग पूर्ण फी भरा, नाहीतर घरी जा. बाईंनी समोरचं ताट तसंच ठेवलं. त्या दिवशी त्यांनी पोळीही बांधून आणली नाही.

मी या सवलतीला शिष्यवृत्ती म्हणत नाही. पारधी सापळ्यापुढे दाणे टाकतो, त्यालाही कुणी अन्नदान म्हणत नाही.

बाई फाट्यावर एसटीतून उतरल्या आणि समोर बॅनर. योगिताचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला, भोवती गावातल्या आणि तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत पुण्याच्या त्या कॉलेजचं नाव, 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. बाई गावाबाहेर असताना सत्कारही उरकला होता. शाल, नारळ, फेटा. आमच्याकडे कुणाच्याही नावावर चार पुढाऱ्यांचे फोटो लागायला वेळ लागत नाही.

बाई तशाच, पिशवीसकट गिरणीवर गेल्या. मी तिथेच दळणाच्या रांगेत होते. बाईंनी सगळं सांगितलं. आबांनी पट्टा थांबवला. गिरणी बंद झाल्यावर त्यांचा आवाज फारच लहान वाटला.

"बाई, आते बॅनर लागी गया. सत्कार बी व्हई गया. आते धुळे म्हनीसन गावले काय तोंड दखाडू?"

"बॅनर मी उतारस. तू पोरनं दख."

"तुम्हीन म्हनतस ते खरं व्हई. पन लोके म्हनतीन, पुनावाल्यासनी काढी दिनी."

योगिता चाळणी हातात धरून कोपऱ्यात उभी होती. तिने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग ती पीठ चाळू लागली. तिने धुळं पाहिलेलं नव्हतं, पुणंही नाही. तिने फक्त बॅनर पाहिला होता.

ती पुण्याला गेली. पुढच्या उन्हाळ्यात परत आली. मेसमधल्या मुलीने सांगितलं होतं, अगदी तसंच झालं. बाई धुळ्याला धावल्या. बारावीच्या गुणांवर ते कॉलेज तिला पहिल्या वर्षाला पुन्हा घ्यायला आणि शिष्यवृत्ती द्यायला तयार होतं. यावेळी बाई दोन पोळ्या घेऊन आल्या. आबांनी नकारार्थी मान हलवली. आता लोक आणखी हसतील, म्हणाले. आणि योगिताने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बाई, तुम्हीन मले काबर नही लई गयात?"

मला का नेलं नाहीत, आवाज चढवून नाही, साधंच विचारलं. मग अडखळत म्हणाली की तिने ते दुसऱ्या वर्षाचं टेबल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं, तर सगळ्या गावासमोर आबांशी भांडली असती. बाईंच्या सांगण्यावरून तिला भांडता आलं नाही. आता पुन्हा जायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

बाईंनी पोळ्यांचा रुमाल परत बांधला. गाठ बसेना, त्यांनी ती पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

त्यानंतर त्यांची फेरी कुणी पाहिली नाही. निकालाच्या दिवशी त्या ओट्यावर बसून राहत. कुणी मुलगा पाया पडायला आला तर डोक्यावर हात ठेवत. मी एकदा मुद्दाम विचारलं, "बाई, दुसऱ्या वर्षाचं काय?" त्या म्हणाल्या, "मी जिंदगीभर पोरेसले गनित सोता सोडाले लावं. आन् हाईच गनित मी सोडीसन दिनं." आयुष्यभर ज्यांनी मुलांना उत्तर आयतं दिलं नाही, त्यांनी हे एकच उत्तर आयतं दिलं होतं.

फाट्यावरचा बॅनर योगिता परत आली त्या वर्षी, पावसाळ्याआधी आबांनी काढून आणला होता. तो अजून गिरणीत आहे, ज्वारीच्या पोत्यांवर पांघरलेला. योगिताचा चेहरा उलटा, अर्धा पिठाने पांढरा. ती आता गिरणी चालवते.

या हिवाळ्यात बाई गेल्या. दुसऱ्याच दिवशी फाट्यावर बॅनर लागला, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि बाईंच्या भोवती तेच हात जोडलेले पुढारी. सकाळी योगिता गिरणीतलं स्टूल घेऊन आली, वर चढली आणि दोऱ्या कापू लागली.

चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "अय पोर, काय करी ऱ्हायनी?"

"बाईले आवडे नही," ती म्हणाली. घडी घालून तिने तो बॅनर बाईंच्या बंद दारासमोर ठेवला आणि दळणाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

आमच्या गावातून आता मेसमध्ये जेवायला जाणारं कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. या निकालानंतर तुमच्या गल्लीतलं एक हुशार मूल निवडा. बॅनरची ऑर्डर द्यायच्या आधी एसटी पकडा, जेवणाच्या वेळेला त्या कॉलेजच्या मेसमध्ये जा आणि दुसऱ्या वर्षाचं टेबल शोधा. पण एकटे जाऊ नका. ज्या मुलीला तिथे चार वर्षं राहायचं आहे, तिला शेजारी बसवा. तुम्ही गप्प राहा, आणि प्रश्न तिला विचारू द्या.