थोरला कॉम्प्युटर

शिरूरच्या आमच्या पतसंस्थेत प्रिंटर अडला, की दुरुस्तीला ते दौंडवरून येतात. आल्या आल्या विचारतात, "ह्यात थोरला कोण?"

थोरला म्हणजे रिटायर झालेल्या आप्पांचा विंडोजवाला कॉम्प्युटर. प्रिंटर त्यालाच जोडलेला. माझ्या नव्या लिनक्सवाल्यानं काही छापायला पाठवलं, की थोरला पासवर्ड मागत बसायचा.

"मानपान हाय सायेब. धाकट्यानंच वाकायचं."

त्यांनी माझ्या मशीनला आप्पांचं नाव आणि आप्पांचाच पासवर्ड लावला. लगेच कागद निघाला. अहवाल माझा, खाली छापणाऱ्याचं नाव आप्पांचं!

"अहो, माझं नाव कुठंय?"

"काम व्हतंय न्हवं? मग नाव कशाला पायजे?"

चिडून तक्रार लिहायला बसलो, आणि त्यांचं नाव शोधू लागलो. इतकी वर्षं येतायत. माझ्या फोनमध्ये नुसतं 'प्रिंटरवाला' आहे.