शकूबाईजवळ ऐकू येणारा बारीक आवाज

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही भूतखेत म्हटलं की हसू येतं. तरी हे लिहिते आहे. सातवीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून. घरची धानाची शेती. मोठी बहीण शकुंतला, तिला मी बाई म्हणते. तिला लहानपणापासून मिरगी. माझी शाळा सुटली ती तिच्यासाठीच... पावसाळ्यात रोवणा असला की बाया चिखलपाण्यात ओळीनं वाकून रोपं लावतात. बाई त्या पाण्यात तोंडावर पडली तर? म्हणून ओळीत तिच्या शेजारची जागा माझी. दुसऱ्या कोणाला ती जागा माय देत नसे.

कारण मला ऐकू यायचं.

कसं सांगू... शेजारच्या घरात जुना डब्याचा टीव्ही लावला, त्याचा आवाज पूर्ण बंद असला, तरी बाहेरून कळतं ना चालू आहे म्हणून? एक अगदी बारीक शिट्टी कानात टोचते. तसंच. बाईच्या जवळ असले की मध्येच यायचं आणि जायचं. मी ओरडायची, "आला!" की बाया तिला धरून धुऱ्यावर, कोरड्या बांधावर नेत, माय कांदा फोडून नाकाशी धरी. कधी फिट येई, कधी येत नसे. नाही आली की सगळ्या माझ्याकडे बघून म्हणत, "वनूनं बरोबर टायमावर काढलं वं!" मलाही तसंच वाटे. खोटं कशाला बोलू, बरं वाटे.

मग एकदा बाईला पाहायला पाहुणे आले. मुलगा आमच्याच भागातला, आरमोरीकडचा, पण पुण्याला दवाखान्यात वॉर्डबॉय. मिरगीचं त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सांगतच नाहीत, लग्न मोडतं. बाई नवं लुगडं नेसून चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि माझ्या कानात ती शिट्टी. मी मायच्या कानाशी लागले. मायनं तिच्या हातातला ट्रे काढला, माझ्या हातात दिला आणि तिला आतल्या खोलीत नेऊन निजवलं.

पाहुण्यांनी मला पसंत केलं.

फिट त्या दिवशी आली नाही. माय म्हणाली, देवानं इज्जत राखली.

लग्न होऊन मी पुण्याला आले. बाई गावातच राहिली, बिनलग्नाची. दर पावसाळ्यात माझ्या मनात यायचं — आता ओळीत तिच्या शेजारी कोण? शेवटी एकदा यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, हाकलतील. हे म्हणाले, "पागल हाय का तू? इतके दिवस काऊन नाई सांगतली?" आणि स्वतः गावी जाऊन बाईला घेऊन आले. या माणसाचे उपकार मी कसे फेडू...

यांच्याच दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर मॅडम होत्या. गोळ्यांनी फिट थांबेना, म्हणून ऑपरेशनचं ठरलं. त्याआधी मूळ जागा शोधायला कवटी उघडून मेंदूवर तारा ठेवल्या. बाई डोक्याला पट्ट्या बांधून पलंगावर, समोर कॅमेरा, तारांचं दुसरं टोक भिंतीपलीकडच्या मशीनला. मी सोबतीला. आणि तिथेही ती शिट्टी आली. "आला," मी म्हणाले. बाईनं पलंगाची कड धरली. काही झालं नाही. थोड्या वेळानं परत, "आला." परत काही नाही.

बाई म्हणाली, "पुण्यात येऊन तुया कान बिघडला वं. आता कांदा कुठून आणशीन इथी?"

मॅडमनी मला बोलावलं. "तुम्ही मधूनच 'आला' म्हणता, ते कशावरून?" मी घाबरत सांगितलं. त्यांनी कॅमेऱ्याचं चित्र आणि मशीनच्या रेघा शेजारी शेजारी लावल्या. नेहमीच्या रेघा डोंगरासारख्या. त्यांनी एक रेघ ताणून मोठी केली, तर डोंगराच्या अंगावर बारीक थरथर. खूप वेगाची. म्हणाल्या, साध्या मशीनवर ही दिसत नाही. ही जिथून उठते तिथेच बहुतेक फिटचं मूळ असतं. तुम्ही खोलीत नव्हता तेव्हाही ही आहे. पण तुम्ही 'आला' म्हणालात, त्या प्रत्येक वेळी आहे.

चित्रात मी खिडकीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होते. बाईकडे पाठ.

"म्हणजे मला तेच ऐकू येतं?"

"ही वीज आहे हो, आवाज नाही. कानाला ऐकू येणं शक्यच नाही." मग त्यांनी ते चित्र मागे नेऊन परत लावलं. "मला नाही सांगता येणार."

मी उठता उठता विचारलं, "पण मग फिट का आली नाही?"

"ही थरथर फिट नसतानाही येत-जात असते. आली म्हणजे फिट येणारच, असं नसतं."

मॅडमनी ते सहज सांगितलं. इथे कांदा नव्हता, कोणी तिला धरलं नव्हतं, कोणी काही केलं नव्हतं, तरी फिट आली नव्हती. मग त्या ट्रेच्या दिवशी?

ऑपरेशन चांगलं झालं. बाईला आता फिट येत नाही, मलाही काही ऐकू येत नाही. घरी जायच्या आदल्या दिवशी मी तिला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल. ती हसली. "तुया नवरा घोरते म्हणे. ठेव त्याले तुयापाशीच."

मी रडायला लागले. "बाई, त्या दिवशी फिट आली असती का नाई, मले खरंच माहीत नाई वं."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "फिट याची असली की मले आधी तोंडात लोखंडावानी चव येते. त्या दिवशी नव्हती. मायले सांगतलीही होती, मले काई होत नाई, जाऊ दे बाहेर. पर आपल्या घरात तुयाच कान चाले." मग म्हणाली, "चाय आण जाय."

मी चहा आणला. तिनं पूर्ण प्यायला.

विजेचा आवाज मला कसा ऐकू यायचा, हे मॅडमना सांगता आलं नाही आणि मला तर कधीच कळणार नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. बाकीचं मी कोणाला विचारत नाही.