मुंजीसाठी आलेलं चितळाचं कातडं

मुलाची मुंज तोंडावर आली होती आणि भटजी काखेत एक वळकटी घेऊन आमच्या म्हैसुरातल्या, चामराजपुरमच्या घरी आले. वळकटी सोडली तर आत हरणाचं अख्खं कातडं. मुंजीत बटूच्या जानव्याला अजिनाचा, म्हणजे हरणाच्या कातड्याचा, बोटभर तुकडा बांधतात. आमच्या घरातला पिढीजात तुकडा उंदरांनी खाल्ला होता आणि सासूबाई त्याच काळजीत होत्या. बोटभर हवं होतं, तर कुणीतरी पूर्ण जनावर पाठवलं होतं.

"कुणी दिलं?" मी विचारलं.

बन्नूरच्या वाटेवरच्या एका बड्या जमीनदाराने दिलं होतं. "प्रोफेसरांच्या मुलाची मुंज, अल्वा? म्हणून प्रेमानं पाठवलंय," भटजी म्हणाले. इथल्या मराठीत "नाही का"ला सगळे कानडी "अल्वा" म्हणतात.

प्रेम कसलं डोंबलाचं! या जमीनदाराने उसाच्या शेतांपलीकडे मोठं कुंपण घालून आत चितळं पाळली होती. त्यांना रोज गाडीतून चारा जायचा, त्यामुळे हॉर्न वाजला की ती धावत यायची. बेंगळूरचे पाहुणे त्याच गाडीत बसून, मांडीवर बंदूक ठेवून हॉर्न वाजवायचे. याला ते शिकार म्हणत. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं, आणि अशा खाजगी कुंपणांतल्या शिकारीला परवाना द्यावा की बंदी घालावी, यावर वनखात्याने गावात सुनावणी ठेवली होती. माझे यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावणं होतं.

घरी ते फार छान बोलत. "हॉर्न ऐकून जवळ येणाऱ्याला मारणं हे खाटकाचं काम," ते म्हणायचे, "आणि खाटीक निदान दुकानावर पाटी लावतो." मी सांगलीहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्या अशाच वाक्यांवर भाळले होते, हे कबूल करायला मला लाज नाही.

बाकी सगळ्यांची मतं ज्याच्या त्याच्या पोळीवर तूप ओढणारी होती. ऊसवाले म्हणत, कुंपण मोडून हरणं आमच्या शेतात शिरतात, मारा नाहीतर नीट बांधून ठेवा. एक आमदार म्हणत, परवाना द्या आणि फी घ्या. जमीनदार म्हणे, मी पाळतो, मी खायला घालतो, मग माझ्या बकरीत आणि माझ्या चितळात फरक काय? पण त्याची खरी हुशारी पुढे होती. धार्मिक कार्यासाठी कातडी पुरवणाऱ्या कुंपणांना सूट द्यावी, असं कलम त्याने सुचवलं होतं. धर्माचं नाव आलं की कुठला आमदार तोंड उघडणार? आणि विरोधी तज्ज्ञाच्या घरच्या मुंजीतच त्याचं कातडं वापरलं गेलं, तर तज्ज्ञ तरी कुठल्या तोंडाने बोलणार?

संध्याकाळी यजमान आले, कातडं पाहिलं आणि म्हणाले, "हे परत पाठवा."

"आणि मुंज?" सासूबाई म्हणाल्या. "अजिनाशिवाय मुंज म्हणजे बोडणं नुसतं. एकच नातू आहे मला." त्या कधी आवाज चढवत नसत. पंचांग, सोवळं, एकादशी यांत त्यांनी आयुष्यात कुणाला सवलत दिली नव्हती, स्वतःला तर नाहीच. त्यांचं दुःख खोटं नव्हतं.

यजमानांनी कातड्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आई, हे चितळ आहे. तुमच्या शास्त्रात काय सांगितलंय?"

"कृष्णाजिन. काळविटाचं," त्या ताबडतोब म्हणाल्या. मग त्यांनी ठिपक्यांकडे पाहिलं, आणि भटजींना परत बोलावणं धाडलं.

भटजी आले आणि गडबडले. "काळवीट कुठून आणायचं आता? हल्ली सगळेच हे चालवून घेतात."

"सरी, ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "चालवूनच घ्यायचं तर बकऱ्याचं का नको?"

"अय्यो! ते वैश्यांना सांगितलंय. लोक हसतील."

"हसू देत. बकरा रोज मरतोच आहे. आमच्यासाठी आणखी एक हरीण कशाला? हे घेऊन जा."

भटजी वळकटी काखेत मारून चालते झाले. मी सासूबाईंकडे बघतच राहिले. त्या आत गेल्या आणि डाळ निवडायला बसल्या, पण बराच वेळ त्यांचा हात ताटात नुसताच फिरत होता.

बकऱ्याच्या कातड्याचा तुकडा बांधून मुंज झाली. लोक हसलेच. मंडपात कुजबूज झाली, एका चुलत सासऱ्यांनी पानावर बसायचं नाकारलं, आणि एक बाई मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या, "प्रोफेसरांकडे कातड्यालाही सेल लागला वाटतं." सासूबाई सगळ्यांना हात जोडून "जेवून जा" म्हणत फिरल्या. ज्यांच्यात उभा जन्म मानानं काढला त्यांच्यासमोर त्या ताठ उभ्या होत्या. हे त्या कशासाठी सोसत होत्या ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. आपल्या मुलाला सुनावणीत बोलायला तोंड राहावं म्हणून.

सुनावणी पुढच्या आठवड्यात, दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी यजमान बोलले. घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले.

"सांगितलंस ना?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"सांगितलं. म्हणजे, सरसकट बंदी व्यवहार्य नाही असं सगळ्यांचंच मत पडलं. मर्यादित परवाना असावा, धार्मिक सूट असावी, पण देखरेखीखाली. मी देखरेखीचा मुद्दा लावून धरला."

मी आमटीचं भांडं खाली ठेवलं. तो जमीनदार त्यांच्या कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर होता आणि विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती. हे मला ठाऊक होतं, सासूबाईंनाही होतं. फक्त आम्हाला वाटलं होतं की त्यांनी ते आधीच तोलून पाहिलं असेल. मला भयंकर संताप आला. सासूबाईंनी मात्र मुलाला ताक वाढलं.

सकाळी त्या नऊवारी नेसून तयार होत्या. "टांगा बोलाव," मला म्हणाल्या. "आज कुणीही बोलू शकतं, अल्वा?"

सभागृहात बायका आम्ही दोघीच. यजमान पहिल्या रांगेत होते. आम्हाला पाहून ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. जमीनदार त्यांच्या शेजारीच होता. त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला, म्हणजे माणूस संस्कारी होता.

नंबर आल्यावर अध्यक्षांनी विचारलं, आपण कोण?

"त्या प्रोफेसरांची आई," सासूबाई म्हणाल्या. आणि मग स्वच्छ कन्नडमध्ये त्यांनी सांगितलं ते असं: "माझ्या नातवाची मुंज नुकतीच झाली. हरणाच्या कातड्याशिवाय झाली. तो संध्या करतो, जेवतो, बहिणीशी भांडतो. काही बिघडलं नाही. तुमच्या कायद्यात धर्माच्या कामासाठी म्हणून लिहिलंय. ते आमच्यासाठी लिहू नका. ज्यांना बंदूक उडवायची हौस आहे त्यांनी स्वतःच्या नावावर उडवावी, आमच्या देवाच्या नावावर बेड, नको."

ऊसवाले मोठ्याने हसले आणि कुणीतरी टाळी वाजवली. यजमान पायांकडे बघत होते. सासूबाईंचा मला केवढा अभिमान वाटला! आणि त्याच वेळी त्या वाकलेल्या मानेकडे पाहून मला नवऱ्याची कीव आली. राग निघून जातो, तो मी पुष्कळदा केला आणि विसरले. ही कीव मात्र माझ्या संसारात राहायला आली.

धार्मिक सूट गळली. परवाना राहिला. कुंपणात गोळ्या चालूच राहिल्या, फी भरून. यजमान विभागप्रमुख झाले, आणि चांगले झाले, विद्यार्थी अजून नाव काढतात.

मग काही वर्षांनी सगळ्या देशाचाच कायदा आला आणि कुंपणातली असो की रानातली, चितळांची शिकार बंद झाली. बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे कॉलेजची मंडळी चहाला आली होती. यजमानांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. ते खरंच आनंदले होते, डोळे भरून आले होते त्यांचे. "आमच्या घराचा पहिल्यापासून विरोध होता याला," ते म्हणाले. "भर सुनावणीत सांगितलं होतं."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. कप भरलेला ट्रे हातात धरून मी सासूबाईंकडे पाहिलं. आता त्यांनी एक वाक्य बोलायचं, मग मी दहा बोलणार होते.

मंडळींपैकी कुणीतरी कौतुकाने त्यांना विचारलं, "हो का, आजी?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यानंच सांगितलं होतं."